कॉमन रेल इंजेक्टर कुठे बांधून घ्यायचे? कळंबोली वर्कशॉपच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

गाडी कंटेनर ओढणारा टाटा पुलर, बीएस ४. इंजिन कमिन्स आयएसबीई, ५.९ लिटर, ६ सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना अतिदाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी) बॉशची. मीटरवर ४,१२,६०० किमी. फेऱ्या न्हावा शेवा ते तळोजा, अधूनमधून भिवंडी.

तक्रार अशी: सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. दुपारी बंदराच्या रांगेत बंद केली की गरम इंजिन दहा-बारा सेकंद सेल्फ खातं, कधी सुरू होतं, कधी नाही. आयडलला केबिन थरथरते. शीळफाट्याकडच्या चढाला लोडमध्ये काळा धूर.

थंडपणी चालू आणि गरमपणी हट्टी, ही खूण आतल्या गळतीची. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. सेल्फच्या वेगावर पंप मुळातच कमी डिझेल देतो. त्यातलं बरंचसं रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या वाटेला, गेलं तर रेलमध्ये दाब उभा राहत नाही, आणि ठरावीक दाबाखाली ईसीएम (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर हेच दिसलं. थंड सेल्फिंगला रेल ३२० बार, गरमला १५० च्या पुढे काटा सरकत नाही.

इंजेक्टरवर बोट ठेवण्याआधी बाकीचे संशयित तपासले. दोन्ही फिल्टर नवे टाकले, फरक शून्य. रेलवरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचा रिटर्न पाइप सोडून सेल्फ मारला, पाइप कोरडा. म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह गळत नाही. पंपाचा निकाल उद्याच्या मोजणीनंतर.

५ फेब्रुवारी

या इंजिनाची एक अडचण आहे. छोट्या गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर रिटर्नची नळी असते, सहा बाटल्या लावल्या की दोषी समोर येतो. आयएसबीईमध्ये सहाही इंजेक्टरचा रिटर्न हेडच्या आतल्या एकाच वाटेने मागच्या बँजोतून (पोकळ बोल्टच्या जोडातून) बाहेर पडतो. त्यामुळे एकूण रिटर्न मोजायचा, मग रेलवरून एकेका सिलिंडरची वाट टोपी लावून बंद करायची आणि रिटर्न किती घटला ते पाहायचं.

टोपी लावताना दर वेळी इंजिन बंद, दहा मिनिटं थांबणं, मगच नट सैल करणं. चालू इंजिनात पाइप सैल करून मिसिंग शोधायची जुन्या पंपाची सवय इथे जिवावर बेतते. १६०० बारपर्यंतच्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात कापायची वेळ येते.

गरम इंजिन, आयडल, एक मिनिटाचं माप, मिलिलिटरमध्ये. सगळे चालू असताना ३१०. पहिला बंद केल्यावर २८०, दुसरा २७५, तिसरा २१५, चौथा २७०, पाचवा २४०, सहावा २७५.

तिसरा एकटा ९५ मिली सोडतो, पाचवा ७०. बाकीचे ३० ते ४० च्या घरात. दोन्ही टोप्या एकदम लावून गरम सेल्फिंगला रेल २९० बार झाली. पंप निर्दोष.

६ फेब्रुवारी

सहाही इंजेक्टर काढले. काढण्याआधी भोवतीची माती हवेने उडवली, काढल्यावर प्रत्येक तोंडाला प्लास्टिकची टोपी, बॉडीवर सिलिंडरचा नंबर. नोझलच्या टोकाला वायर ब्रश लावायचा नाही. भोकाची कड बिघडली की फवाऱ्याचा आकारच बदलतो.

या इंजिनात रेलचा पाइप थेट इंजेक्टरला जोडलेला नसतो. हेडमध्ये आडवा कनेक्टर असतो, त्याचं शंकूसारखं टोक इंजेक्टरच्या कुशीत बसतं. तिथे ओरखडा असला तर डिझेल तिथूनच रिटर्नच्या वाटेला लागतं आणि इंजेक्टर गळतोय असं वाटतं. इंजेक्टर नवा टाकूनही गाडी तशीच राहते, मग दुकानदाराशी भांडण. तिसऱ्या आणि पाचव्याच्या कनेक्टरच्या टोकावर गंजाचे टिपके, पाचव्यावर भिंगाशिवाय दिसणारी चीर. सहाही कनेक्टर नवे घ्यायचे ठरले.

गंज आला म्हणजे पाणी आलं. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधून जवळजवळ कपभर पाणी निघालं. डिझेलमधल्या पाण्याची सूचना देणाऱ्या सेन्सरचा प्लग तुटलेला, वायर टेप गुंडाळून बाजूला बांधलेली. टाकीत डिपरॉडला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून बुडवली, तळाकडचा दोन बोटं भाग लाल झाला.

ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे आणि ऑइलला डिझेलचा वास. गळका इंजेक्टर सिलिंडरची भिंत धुतो आणि डिझेल खाली ऑइलच्या संपमध्ये उतरतं. ऑइल आणि फिल्टर बदलणं या कामातच धरलं. इंजेक्टरच्या भोकातून बोअरस्कोप घालून सहाही पिस्टन पाहिले. तिसऱ्यावर काजळी जास्त आहे, वितळल्याची खूण कुठेच नाही.

७ फेब्रुवारी

आता मुख्य प्रश्न, काम कुठे द्यायचं. नवी मुंबईत इंजेक्टरचं काम करणाऱ्या दुकानांची वानवा नाही. कळंबोली, तुर्भे, रबाळे या तीन ठिकाणचं एकेक दुकान निवडलं. नोंदीत त्यांना क, त, र म्हणू.

सहा नगांचं काम देण्याआधी प्रत्येक दुकानाची परीक्षा घ्यायची. पहिला इंजेक्टर बरा आहे, तिसरा वाईट आहे, हे आपल्याला इंजिनावरच्या मापावरून ठाऊक आहे. दोन्ही नग अ आणि आ अशा चिठ्ठ्या लावून फक्त चेकिंगसाठी द्यायचे, कोणता कसा ते सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या बदलून तेच नग पुन्हा द्यायचे. बरं-वाईट ओळखता येतं का, हे पहिल्या दिवशी कळतं. मशीन रोज तेच माप देतं का, हे दुसऱ्या दिवशी. चेकिंगचे पैसे जातात, पण सहा नगांच्या बिलापुढे ती रक्कम किरकोळ.

क, कळंबोली. हँडपंपावर नोझल उडवून दाखवला. दोन्ही नगांवर एकच शेरा: ‘ओके, सर्व्हिस लागेल.’

या शेऱ्यात हाताचा दोष नाही, साधनाची मर्यादा आहे. जुन्या मेकॅनिकल नोझलमध्ये डिझेलचा दाबच स्प्रिंगविरुद्ध सुई उचलतो. म्हणून हँडपंपावर किती बारला उडतो, धुकं कसं पडतं, टोक ठिबकतं का, यावरून निकाल लागतो. कॉमन रेलमध्ये दाब कायम उभाच असतो. कॉइल आर्मेचर (लोखंडी चकती) उचलते, दीड मिलिमीटरपेक्षाही लहान गोळी आपल्या सीटवरून सुटते, सुईच्या वरचा दाब उतरतो आणि मग सुई उठते. हे सगळं मिलिसेकंदाच्या हिशोबात घडतं. हँडपंपावर त्यातलं काहीच घडत नाही. फार तर टोक ठिबकतं की नाही एवढं दिसेल.

मायकोचे इनलाइन पंप आणि मेकॅनिकल नोझल या कामात क चा हात पक्का आहे. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं तरी कळंबोलीत पंप अजून मायकोचाच असतो. आपल्या जुन्या ६बीटी इंजिनांचे पंप तिथेच जातील. हे काम नाही.

८ फेब्रुवारी

त, तुर्भे. बंद खोली, दारात चपला काढायच्या, टेबलावर लिंट न सुटणारं कापड. कॉमन रेलचं टेस्ट बेंच. इंजेक्टर लावून आधी काही मिनिटं चालवला, ऑइल ४० अंशांवर स्थिर झाल्यावरच मोजणी सुरू. ऑइल आयएसओ ४११३. डबा पाहायला मागितला, दाखवला. छापील रिपोर्टवर पार्ट नंबर, दाब, पल्स, ऑइलचं तापमान, सगळं आहे.

र, रबाळे. बेंच त्याच तोडीचं, रिपोर्टही छापील आणि दिसायला जास्त देखणा. मात्र खोलीला लागूनच ग्राइंडर चालू होता आणि बेंचच्या काचेतलं ऑइल काळपट. नग संध्याकाळपर्यंत परत, दोघांत हा जास्त तत्पर.

१० फेब्रुवारी

दुसऱ्या फेरीचे रिपोर्ट आले. आकडे दर स्ट्रोकला घन मिलिमीटरमध्ये.

त, बरा नग: फुल लोड १५२, दुसऱ्या दिवशी १५१. आयडल ९.१ आणि ९.०. रिटर्न ४६ आणि ४७.
त, वाईट नग: फुल लोड १३१ आणि १३२. आयडल ४.२ आणि ४.४. रिटर्न ११८ आणि ११६. मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा दोन्ही दिवशी शून्य.

र, बरा नग: फुल लोड १४९ आणि १५८. रिटर्न ५२ आणि ६६.
र, वाईट नग: फुल लोड १२९ आणि १४१. रिटर्न १२१ आणि १५३.

दोघांनीही वाईट नग बरोबर ओळखला. फरक आहे तो मापाच्या स्थिरतेत. र च्या दोन रिपोर्टांवरचं तापमान पाहिलं तर कारण सापडतं, पहिल्या दिवशी ४० अंश आणि दुसऱ्या दिवशी ५१. गर्दीत एकामागून एक नग चालवले, ऑइल थंड व्हायला थांबले नाहीत. अकरा अंशांनी ऑइल पातळ झालं आणि आकडे पुढेमागे सरकले. त्या मापावर शिम (आतली उचल आणि स्प्रिंगचा जोर ठरवणाऱ्या पातळ चकत्या) ठरवले तर बेंचवर सहाही नग सारखे दिसतील आणि इंजिनात सहा प्रकारचे निघतील. रिपोर्ट हातात आला की आकड्यांच्या आधी तापमानाची ओळ वाचावी ती यासाठी.

छोट्या फवाऱ्याचं माप शून्य, याचा अर्थही लिहून ठेवतो. तो फवारा नसला की मुख्य डिझेल एकदम पेट घेतं आणि आयडलला ठोका येतो. या गाडीला तो ठोका होताच, आपण तो टॅपेटचा समजत होतो.

भाव एका नगाचा, नोझल आणि व्हॉल्व्ह सेट नवे धरून, जीएसटी वेगळा: त ११,५००, र ९,८००. क ४,५०० मध्ये ‘नोझल बदलून’ द्यायला तयार. त्यात व्हॉल्व्ह सेट नाही, आणि या गाडीतली मोठी गळती तर व्हॉल्व्हमध्येच आहे. काम त ला.

दरम्यान टाकी उतरवली. सगळं डिझेल काढलं, तळाला चहाच्या गाळासारखा तपकिरी थर. पाणी न वापरता स्वच्छ डिझेलनेच दोनदा खळबळून धुतली. सक्शन पाइपची जाळी बदलली. टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं, पावसाचं पाणी तिथूनच शिरत असणार. झाकण नवं.

११ फेब्रुवारी

त बरोबर कामाच्या अटी कागदावर घेतल्या. तोंडी बोलणं काम चालू झाल्यावर दोघांच्याही लक्षात राहत नाही.

सहाही नगांचा उघडण्याआधीचा रिपोर्ट, बांधल्यानंतरचा रिपोर्ट, दोन्ही एकाच बेंचवर. आधीचा रिपोर्ट देत नाही त्या दुकानाला काम देऊ नये असं स्पष्ट मत आहे. तो नसेल तर काय सुधारलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि फक्त धुऊन परत दिलेला नगही ‘बांधलेला’ म्हणून खपतो. नोझल आणि व्हॉल्व्ह सेटची पाकिटं आपल्यासमोर फोडायची. नोझलवरचा डीएलएलए क्रमांक जुन्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. डीएलएलएच्या पुढचा आकडा हा फवाऱ्याचा कोन असतो, ‘हाच बसतो’ म्हणून वेगळ्या कोनाचा टाकला तर डिझेल पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी काठावर पडतं. जुने भाग परत. बॉडी बाद निघाली तर आधी फोन.

वॉरंटी सहा महिने, पाणी आणि गंज सोडून. अट रास्त आहे. टाकी धुतल्याचे फोटो आणि नव्या डिझेलची सीलबंद बाटली त्यांच्याकडे ठेवली.

आपल्या बीएस ६ गाड्यांसाठीही एक प्रश्न विचारून घेतला. ज्या इंजेक्टरवर त्याच्या मापातला फरक ईसीएमला सांगणारा कोड छापलेला असतो, त्याच्या आतले भाग बदलल्यावर जुना कोड खोटा ठरतो. ईसीएम त्या जुन्या कोडावरून चुकीची भरपाई करत राहतो. काम झाल्यावर बेंचवर नवा कोड निघतो का, हे विचारायचं. त कडे ठरावीक मालिकांसाठीच निघतो, आणि त्यांनी ते आपणहून सांगितलं.

१३ फेब्रुवारी

नग आपल्यासमोर उघडले. मायक्रोस्कोपखाली तिसऱ्याच्या व्हॉल्व्हची सीट पाहिली. गोळी बसते तिथे कड खाल्लेली, एका बाजूला धारेने कोरलेली नाली. एकदा अशी नाली पडली की दर क्षणी अतिदाबाचं डिझेल तिथूनच जातं आणि ती रुंदच होत जाते. पॉलिश करून ती जात नाही. व्हॉल्व्ह सेट जोडीनेच बदलावा लागतो, कारण आतला पिस्टन आणि त्याचं घर एकमेकांसाठीच घासलेलं असतं.

आर्मेचरची उचल तिसऱ्यात ६८ मायक्रॉन, बाकीच्यांत ४९ ते ५३. फरक जेमतेम १५ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या पावभर. या मापावरच आयडल टिकतो किंवा बिघडतो. म्हणून जिथे उचल मोजायचं डायल गेज नाही, तिथे ‘शिम तेच ठेवले’ या वाक्याला अर्थ नाही.

पाचव्याची पुश रॉड गंजाने चिकटलेली आणि बॉडीत जिथे कनेक्टरचं टोक बसतं तिथे खड्डे. पेस्टने घासून बसवता येईल का, असं विचारलं. त ने नाही म्हटलं आणि ते बरोबर आहे. घासलं तर शंकू खोल जातो, कोन बदलतो, महिनाभर टिकेल आणि पुन्हा हेडमध्ये गळती. ती बॉडी बाद. त्या जागी नवा इंजेक्टर, २४,५००.

उरलेल्या चार नगांच्या सीट मध्यम झिजलेल्या. फक्त तिसरा बांधून बाकीचे धुऊन लावता आले असते. पण चार लाखांवर किलोमीटर झाल्यावर चार जुने, एक बांधलेला आणि एक नवा अशी जोडी लावली की इंजिन एका चालीत चालत नाही, आणि सहा महिन्यांत व्हॉल्व्ह कव्हर पुन्हा उघडायला लागतं. पाचही नगांचे नोझल आणि व्हॉल्व्ह सेट बदलले. पाच नगांचे ५७,५०० आणि नवा २४,५००, एकूण ८२,०००. कनेक्टर, वॉशर, ऑइल वेगळं.

बॉडी अल्ट्रासॉनिकमध्ये धुतल्या, कॉइल बाहेर काढून. नोझलचा नट टॉर्क रेंचवर. व्हाइसमध्ये धरून पान्याने आवळला की नोझल किंचित वाकतो आणि सुई गरम झाल्यावर अडकते.

१५ फेब्रुवारी

बांधल्यानंतरचे रिपोर्ट. पहिल्या फेरीत दुसऱ्या नगाचा आयडल १३.५, बेंचवर ठरलेल्या मर्यादेबाहेर. फुल लोड ठीक. आयडलच तेवढा जास्त म्हणजे कॉइलच्या स्प्रिंगचा जोर कमी, गोळी उशिरा बंद होते. स्प्रिंगखालचा शिम जाड टाकला, ९.४ वर आला. बेंच खरं असेल आणि कारागीर थांबायला तयार असेल तरच ही दुरुस्ती होते. घाईच्या दुकानात हा नग ‘पास’ होऊन आला असता.

सहाही नग मिळून फुल लोड १४९ ते १५४, आयडल ८.६ ते ९.८, रिटर्न २८ ते ३३. तापमानाची ओळ सहाही कागदांवर ४० अंश.

१७ फेब्रुवारी

बसवणी. हेडमधल्या भोकाच्या तळाला जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्च लावून सहाही ठिकाणी पाहिलं. चौथ्यात होता. तो तसाच राहून वर नवा बसला असता तर नोझल वर राहतो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. नव्या वॉशरची जाडी मायक्रोमीटरने जुन्याइतकीच घेतली. बाहेरच्या रबरी रिंगला इंजिन ऑइल.

क्रम चुकवायचा नाही. इंजेक्टर बसवून क्लँपचे बोल्ट हाताने, मग कनेक्टर आत आणि त्याचा नट हलका. त्यानंतर क्लँपचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने मॅन्युअलच्या टॉर्कवर, शेवटी कनेक्टरचा नट पूर्ण. कनेक्टर इंजेक्टरला बाजूने रेटतो. त्याचा नट आधी आवळला तर इंजेक्टर तिरका बसतो. कॉइलच्या वायरींचे छोटे नट अगदी हलक्या टॉर्कवर, स्टड तुटला तर कॉइल गेली.

फिल्टर पुन्हा नवे. हवा फिल्टरवरच्या हातपंपाने काढली, प्रेशरचा पाइप कुठेही सैल केला नाही. तिसऱ्या सेल्फला सुरू. पाण्याच्या सेन्सरचा नवा प्लग जोडला, डॅशवरचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो हे पाहिलं.

२४ फेब्रुवारी

१,३४० किमी झाले, सगळे लोडवर. गरम सेल्फिंगला रेल ३४० बार, दोन सेकंदांत सुरू. हेडमागचा एकूण रिटर्न मिनिटाला १४० मिली, आधी ३१० होता. ठोका गेला, चढाला धूर नाही. वॉटर सेपरेटरमधून काढलेलं डिझेल काचेच्या बरणीत तासभर ठेवलं, तळाला पाण्याचा थेंब नाही. ऑइलची पातळी जिथल्या तिथे.

बदललेले नोझल, व्हॉल्व्ह सेट, बाद बॉडी आणि सहा कनेक्टर नंबर लावून पेटीत ठेवले आहेत, रिपोर्ट गाडीच्या फाइलमध्ये. सेपरेटर दर सोमवारी सोडायचा. रिटर्नचं पुढचं माप ४,३५,००० किमीला.